आमच्या मतदारसंघाचाही फेरफार लिहून ठेवा : विधानमंडळ सचिवालयास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा
आणि महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय,
विधान भवन, मुंबई.

विषय : मतदारसंघांच्या येत्या पुनर्रचनेआधी प्रत्येक विधानसभा मतदारसंघाची हद्द, लोकप्रतिनिधी आणि सभागृहातले कामकाज यांची एकत्र नोंद तयार करण्याबाबत.

महोदय,

मी सांगोल्याचा मतदार. मतदारसंघ क्रमांक २५३, जिल्हा सोलापूर. १९६२ पासून २०२४ पर्यंत आमच्याकडे विधानसभेच्या १४ सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक झाली. एवढ्या काळात निवडून आले फक्त चार जण. गणपतराव देशमुख ११ वेळा, शहाजीबापू पाटील दोनदा, गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख एकदा, आणि १९७२ साली निवडून आलेले काँग्रेसचे आमदार एकदा. या चौथ्या आमदारांचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तालुक्यातल्या पन्नाशीच्या आतल्या कुणालाही ते विचारून बघावे. दहातल्या एकाला सांगता आले तरी पुष्कळ झाले.

आता १९७२ हे वर्ष डोळ्यांसमोर आणा. निवडणूक झाली आणि पाठोपाठ महाराष्ट्राने शतकातला मोठा दुष्काळ पाहिला. आमच्याकडचे म्हातारे आजही वय सांगताना ‘बहात्तरच्या दुष्काळात मी अमुक इतक्या वर्षांचा होतो’ असे सांगतात. खडी फोडायची कामे, सुकडीचे (दुष्काळात दिल्या जाणाऱ्या कोरड्या आहाराचे) वाटप, छावण्या, पाझर तलाव, गाव सोडून गेलेली घरे. राज्याची रोजगार हमी योजना त्याच दिवसांत आकाराला आली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. देशाने नंतर जो कामाचा हक्क कायद्यात आणला, त्याची मुळे या दुष्काळात आहेत. सांगोला त्या दुष्काळाच्या पोटातला तालुका. आणि त्या वेळी सभागृहात आमच्या वतीने गणपतराव नव्हते. ते हरले होते, १९७४ च्या पोटनिवडणुकीतून परत आले. मग त्या मधल्या काळात सांगोल्याच्या वतीने विधानसभेत काय बोलले गेले? किती प्रश्न विचारले गेले, कुठल्या तलावाचे नाव घेतले गेले, मंत्र्यांनी काय उत्तर दिले? ही माहिती तुमच्याकडे आहे. कार्यवाहीच्या छापील खंडांत ती शब्दशः असणार. पण ती अधिवेशन आणि तारीख यांच्या क्रमाने लावलेली आहे. सांगोल्याच्या माणसाने सांगोला म्हणून हात घातला तर हाताला काही लागत नाही.

माझे सारे म्हणणे एवढ्याच एका गोष्टीभोवती आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. शेतकऱ्याच्या प्रत्येक गटनंबराला फेरफार असतो. जमीन कुणाकडून कुणाकडे आली, वाटणी कधी झाली, बोजा कधी चढला आणि कधी उतरला, हे तलाठ्याकडे ओळीने मिळते. २८८ मतदारसंघांपैकी एकाचाही असा उतारा कुठे मिळत नाही. तो तयार करावा, आणि पुढची पुनर्रचना होण्याआधी करावा.

सांगोल्याचे उदाहरण धरूनच बोलतो, कारण हे उदाहरण जरा विचित्र आहे.

१९६२ ची निवडणूक घ्या. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ही पहिली. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाला (शेकापला) मिळाल्या १५, आणि त्या पंधरांत सांगोला होते. गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, पेशाने वकील. १९७२ ला काँग्रेसची लाट आणखी मोठी होती, २७० पैकी २२२. त्या वेळी मात्र सांगोला लाटेबरोबर गेले. १९८० ला इंदिरा काँग्रेसने १८६ जागा घेतल्या, तेव्हा सांगोल्यात पुन्हा शेकाप. १९९५ ला काँग्रेसची राज्यातली सत्ता गेली, शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, ४५ अपक्ष निवडून आले. आणि सांगोल्याने काय करावे? साऱ्या राज्यात काँग्रेस पडत असताना इथे काँग्रेसचे शहाजीबापू निवडून आले, गणपतरावांना १९२ मतांनी पाडून. १९२! एखाद्या वाडीवरच्या एका मतदान केंद्राचा हा हिशेब. २०२४ ला महायुतीने २३० जागा घेतल्या, आणि शेकापचा राज्यातला एकमेव आमदार निवडून आला तो सांगोल्यातून, २५ हजारांहून जास्त मतांनी.

म्हणजे राज्याचे वारे एकीकडे आणि सांगोल्याचे दुसरीकडे, असे बहुतेक वेळा झाले. याचा परिणाम असा की आमचा आमदार जवळपास कायम विरोधी बाकांवर. गणपतराव मंत्री झाले ते १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात. दोन्ही ठिकाणी पूर्ण मुदत मिळाली नाही. पुलोद सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाले, आणि दुसऱ्या वेळी शेकाप मुदतीआधीच बाहेर पडला. सगळे मिळून पाच वर्षेही भरत नाहीत. बाकीची पन्नास वर्षे हा माणूस आमदार असो वा नसो, सत्तेच्या बाहेर होता.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला प्रश्न मिळायचा नाही. ज्या तालुक्याचा आमदार सत्तेत नसतो त्याला काय मिळते? सत्ताधारी पक्षाची माणसे प्रत्येक निवडणुकीत सांगतात की सरकारचा आमदार द्या, मग निधी येईल. यात तथ्य किती? की सभागृहात चिकाटीने मांडलेला प्रश्न, प्रश्न, सूचना अशा संसदीय आयुधांचा जाणता वापर, मंत्र्याच्या दालनात न चुकता घातलेला खेटा यानेही काम होते? दोन्ही बाजूंनी ठासून बोलणारे लोक पाहिजे तितके आहेत. तपासून बघायला साधन नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, औचित्याचे मुद्दे, हे सगळे जर मतदारसंघवार लावलेले असते, तर सांगोला आणि सतत सत्तेत राहिलेला शेजारचा एखादा मतदारसंघ समोरासमोर ठेवून अभ्यास करता आला असता.

पाण्याचेच बघा. माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. नीरा उजव्या कालव्याचे शेपटाकडचे पाणी, तेही मिळेल तेव्हा. बाकी भरवसा कृष्णेचे पाणी उचलून आणण्यावर. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांना एकत्र बांधले. टेंभू उपसा सिंचन योजना मंजूर झाली १९९६ मध्ये. आता गंमत अशी की १९९६ मध्ये गणपतराव आमदार नव्हते, शहाजीबापू होते. आणि सरकार शहाजीबापूंच्या काँग्रेसचेही नव्हते, युतीचे होते. म्हणून टेंभूचे पाणी शिवारात आले की श्रेयाचे फलक तीन बाजूंनी लागतात. परिषदेवाले म्हणतात चळवळीने आणले. दुसरे म्हणतात आमच्या आमदारकीत मंजूर झाले. तिसरे म्हणतात आमच्या सरकारने केले. तिघांचेही थोडे थोडे खरे असेल. पण कुणी कोणत्या तारखेला सभागृहात काय मागितले, कुणी कोणत्या अर्थसंकल्पावर बोलताना टेंभूचे नाव घेतले आणि कुणी घेतले नाही, हे कागदावर आहे ना? मग ते बाहेर काढा की. फलकांचा खर्च तरी वाचेल.

कागद समोर नसला की काय होते, त्याचा आणखी एक नमुना देतो. हा आम्हा सांगोलेकरांना आवडणारा नाही. गणपतराव अकराव्यांदा निवडून आले तेव्हा, आणि ३० जुलै २०२१ रोजी ते गेले तेव्हाही, ‘एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम’ असे सर्रास छापून आले. महाराष्ट्रापुरते ते खरे आहे, देशापुरते नाही. केरळमध्ये पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ ते २०१६ या काळात १३ वेळा निवडून आले. पुथुप्पल्लीतून उम्मन चंडी १९७० पासून २०२१ पर्यंत सलग १२ वेळा. गणपतरावांचे मोठेपण विक्रमात नव्हतेच, त्यामुळे त्यांचे काही कमी होत नाही. एसटीने फिरणारा, वयाची ऐंशी उलटल्यावरही सभागृहात पूर्ण वेळ बसणारा, ज्या तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही तिथे सहकारी सूतगिरणी उभारून ती नीट चालवून दाखवणारा माणूस होता तो. पण राज्यातल्या लोकांना त्यांच्याबद्दल ठाऊक असलेली पहिली गोष्ट हा चुकीचा विक्रम असावा, हे बरे नाही.

आणि दुसरी गोष्ट? २०२२ च्या जूनपासून सांगोला म्हटले की लोक हसून ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ म्हणतात. शहाजीबापूंचा तो गुवाहाटीहून केलेला फोन. वाक्य रांगडे आहे, आमच्या माणदेशी बोलीचा ठसका त्यात आहे, आणि मला स्वतःला ते ऐकायला मजा येते. तक्रार वेगळीच आहे. शहाजीबापू १९९५ ला पहिल्यांदा जिंकले आणि २०१९ ला दुसऱ्यांदा, तेही फक्त ७६८ मतांनी. मध्ये २४ वर्षे गेली, त्यांत त्यांनी पराभव पचवले, पक्ष बदलला, तरी मैदान सोडले नाही. दोन कार्यकाळांत त्यांनी विधानसभेत काय केले हे फोनच्या त्या एका वाक्याखाली गाडले गेले. त्यांच्या विरोधकांना ते सोयीचे असेल. मतदाराला नाही.

हरलेल्यांचेही लिहा, असे मी म्हणतो ते याचसाठी. १९९५ ला १९२ मतांनी, २०१९ ला ७६८ मतांनी निकाल लागला, म्हणजे जिंकलेल्याला जितके लोक हवे होते जवळजवळ तितकेच हरलेल्यालाही हवे होते. निव्वळ विजयी उमेदवारांची यादी वाचली तर वाटते अख्खा तालुका एका बाजूचा होता. तो कधीच तसा नव्हता.

आता हद्दीकडे येतो. इथे गोंधळ सगळ्यात जास्त आहे आणि लोकांना कल्पना सगळ्यात कमी.

‘सांगोला मतदारसंघ’ आणि ‘सांगोला तालुका’ एकच, असा बाहेरच्यांचा समज असतो. तसे नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचना आदेशानुसार पूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातले भाळवणी महसूल मंडळ मिळून हा मतदारसंघ होतो. कारण साधे आहे. २००१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांच्या आसपास, ती २८८ जागांत वाटली की एका जागेला सुमारे ३ लाख ३६ हजार येतात. एकटा सांगोला तालुका तेवढा भरत नव्हता, म्हणून शेजारचे मंडळ जोडले. भाळवणीकडचा माणूस दाखल्याला आणि उताऱ्याला पंढरपूरच्या तहसील कचेरीत जातो, पंचायत समितीला पंढरपूरला जातो, आणि आमदार मात्र सांगोल्याचा. पंढरपूर तालुक्याचे तर चार तुकडे झाले. काही गावे पंढरपूरमध्ये, काही माढ्यात, काही मोहोळमध्ये, काही आमच्यात. ‘पंढरपूर’ नावाच्या मतदारसंघात पंढरपूर तालुक्याचा एक भाग आणि पूर्ण मंगळवेढा तालुका आहे.

मंगळवेढ्याची गोष्ट मनाला लागणारी आहे. १९४८ पर्यंत तो भाग सांगली संस्थानात होता. पुढे सोलापूर जिल्ह्यात आला, विधानसभेची स्वतःची जागा मिळाली, ती अनुसूचित जातींसाठी राखीव होती. २००९ च्या निवडणुकीपासून त्या नावाची जागाच राहिली नाही. जिल्ह्यातल्या १३ जागांच्या ११ झाल्या. मंगळवेढ्याच्या जुन्या आमदारांचा वारसा आज कुठल्या जागेच्या खात्यात लिहायचा? पंढरपूरच्या यादीत ते नाहीत. मंगळवेढ्याची यादी २००४ ला संपते. ज्या गावांचे ते प्रतिनिधी होते ती गावे तिथेच आहेत, शेते तिथेच आहेत, दुष्काळही तिथेच आहे.

हे एका तालुक्यापुरते नाही. कोल्हापूर जिल्ह्यात १२ च्या १० झाल्या. सांगरूळ, पन्हाळा, गडहिंग्लज, वडगाव ही नावे गेली. साताऱ्यात १० च्या ८. खटाव आणि जावळी गेले. रत्नागिरीत ७ च्या ५. खेड आणि संगमेश्वर गेले. दुसरीकडे ठाणे जिल्ह्यात १३ च्या २४ झाल्या. मुंबई शहरात १७ च्या १० आणि उपनगरात १७ च्या २६. गिरण्या बंद पडल्या, माणसे परळ-लालबागहून डोंबिवली-विरारकडे सरकली, कोकण आणि घाटावरची गावे रिकामी झाली, हे सगळे या आकड्यांत दिसते. महाराष्ट्राच्या स्थलांतराचा इतका नेमका आलेख दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण तो वाचायचा तर १९६१, १९६६, १९७६ आणि २००८ चे आदेश शेजारी शेजारी ठेवून गावागणिक जुळवावे लागतात. हे काम एकेकट्या हौशी माणसाने का करावे?

मराठवाडा आणि विदर्भातल्या मतदारांचे तर आणखी अवघड. १९५२ ला औरंगाबाद, नांदेड, बीडकडचे आमदार हैदराबादच्या विधानसभेत बसले. नागपूर, अमरावती, यवतमाळकडचे आमदार त्या वेळच्या मध्य प्रदेश विधानसभेत, म्हणजे नागपुरात. सांगोल्याचे मुंबईत, पण ती मुंबई राज्याची विधानसभा, तिच्यात अहमदाबाद-सुरतेचेही आमदार. १ नोव्हेंबर १९५६ ला हे सगळे द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले आणि १ मे १९६० ला आजचे राज्य झाले. त्यातच १९५२ आणि १९५७ ला काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार निवडले जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव; १९६१ च्या कायद्याने ती पद्धत बंद झाली. म्हणजे बीडच्या माणसाला आपल्या पहिल्या आमदाराचे पहिले भाषण वाचायचे तर ते महाराष्ट्राच्या दप्तरात असायचेच नाही. ते हैदराबादच्या कार्यवाहीत शोधावे लागेल, आणि तिथे ते उर्दूतही असू शकते. सचिवालयाने दुसऱ्या विधानमंडळांना पत्र लिहून या प्रती मागवणे आणि मतदाराने मागवणे यात फरक आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमच्याकडे सदस्यांच्या परिचयपुस्तिका निघतात, हे मला ठाऊक आहे. त्यांत जन्म, शिक्षण, पक्ष, समित्या, छंद, परदेश प्रवास असे सगळे असते. (छंदात ‘समाजसेवा’ लिहिण्याची चाल कुणी पाडली कोण जाणे.) निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल आहेत, त्यांत उमेदवार, पक्ष आणि मते मिळतात. पुनर्रचनेचे आदेश राजपत्रात आहेत. कार्यवाहीचे खंड तुमच्या ग्रंथालयात आहेत. चार ठिकाणी चार तुकडे, आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे गाव, तो कुठेच नाही.

म्हणून मागणी अशी. प्रत्येक मतदारसंघाची एक वही करा. तिच्यात कोणते गाव कोणत्या आदेशाने आले आणि कोणत्या आदेशाने गेले ते लिहा. प्रत्येक निवडणुकीतला विजेता आणि त्याच्या मागचे दोघे, मतांसह लिहा. त्या आमदाराने मांडलेले प्रश्न आणि सूचना, तारीख आणि मंत्र्याच्या उत्तरासह जोडा. बंद झालेल्या जागांची वही वेगळी ठेवा, आणि त्यांतली गावे आज कुठे आहेत ते त्यातच नोंदवा. बस. त्यात ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’, ‘भाग्यविधाते’ यांतले एकही विशेषण येऊ देऊ नका. गणपतरावांच्या बाबतीतही नको. आपल्याकडे इतिहास लिहायला बसले की गौरवग्रंथ तयार होतो, आणि गौरवग्रंथात १९७२ चा पराभव अर्ध्या ओळीत उरकलेला असतो.

घाई का, तर पुढची जनगणना २०२७ ची आहे, १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस. विधानसभेच्या जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे; २००१ च्या घटनादुरुस्तीने ती गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत वाढवली. १९७८ पासून महाराष्ट्रात २८८ च जागा आहेत. या २८८ जागांत १९७१ च्या लोकसंख्येने एका आमदारामागे सरासरी पावणेदोन लाख लोक येत होते, २०११ च्या लोकसंख्येने ३ लाख ९० हजार. तेव्हा पुढच्या खेपेला नुसत्या रेषा सरकणार नाहीत, जागांची संख्याही बदलू शकते. त्यातच २०२३ च्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव ठरवल्या आहेत आणि त्या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेला जोडल्या आहेत. आमच्या त्या चार आमदारांत एकही बाई नाही. उद्या सांगोला महिलांसाठी राखीव झाले तर साठ वर्षांची आमची सगळी गणिते, घराणी, गटतट यांची घडी विस्कटेल. ते चांगलेच होईल असे माझे मत, पण ते पत्राच्या विषयाबाहेरचे.

पुनर्रचना आयोगाचा आदेश एकदा निघाला की त्याला कायद्याचे बळ असते, न्यायालयातही सहसा आव्हान देता येत नाही. आयोगाबरोबर राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. सामान्य माणसाला हरकत नोंदवायला थोडे दिवस मिळतात. त्या थोड्या दिवसांत भाळवणीच्या माणसाने हरकत कशाच्या आधारावर घ्यायची? आमचे मंडळ आधी कुठे होते, तिथून इकडे आल्यावर आमचे प्रश्न सभागृहात वाढले की कमी झाले, सांगोल्याच्या आमदाराने पंढरपूर तालुक्यातल्या आमच्या गावांची नावे कधी घेतली का, हे हातात असेल तर हरकतीला वजन येते. नाहीतर ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढेच लिहायचे उरते, आणि आयोगाला भावनांच्या अर्जांची सवय असते.

यावर काय उत्तर येईल याचा अंदाज आहे. मनुष्यबळ नाही, आणि असे काही छापले की विद्यमान आमदार नाराज होतील. मनुष्यबळाचे म्हणाल तर प्रत्येक जिल्ह्यात राज्यशास्त्र आणि इतिहास शिकवणारी महाविद्यालये आहेत, प्रकल्पासाठी विषय शोधत फिरणारी पोरे आहेत. त्यांना खंड चाळू द्या, सचिवालयाने फक्त तपासून शिक्का मारावा. नाराजीचे म्हणाल तर ज्याने प्रश्न विचारले आहेत तो खुश होईल आणि ज्याने विचारले नाहीत तो नाराज. ही विभागणी मतदारांच्या दृष्टीने वाईट नाही.

एक अडचण मात्र खरी आहे, ती आधीच मान्य करतो. प्रश्नांची संख्या म्हणजे काम नव्हे. शंभर प्रश्न विचारून काही न घडवणारे असतात, आणि एकही प्रश्न न विचारता अधिकाऱ्याच्या टेबलावरून फाइल हलवून आणणारेही असतात. सूतगिरणी विधानसभेत उभी राहिली नाही. सांगोल्याच्या डाळिंबाने नाव कमावले, २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे इथून पश्चिम बंगालमधल्या शालीमारला गेली, त्याचे श्रेय कुठल्या तारांकित प्रश्नात सापडणार नाही. ते उन्हात बागा जगवणाऱ्यांचे आहे. वहीत हे सगळे मावणार नाही. तिने फक्त सभागृहात जे घडले ते सांगावे. बाकीचे आम्ही पारावर भांडून ठरवू.

सगळे २८८ एकदम नकोत. सोलापूर जिल्ह्यापासून सुरुवात करा : आजच्या ११ जागा आणि बंद झालेल्या जागा. त्यातही पहिली वही मंगळवेढ्याची करा, कारण तिच्या बाजूने बोलायला आता स्वतःचा असा कुणी आमदार नाही. दुसरी आमची. आणि आमच्या वहीत सुरुवात १९७२ ते १९७४ या पानांपासून झाली तर मी व्यक्तिशः आभारी राहीन. दुष्काळाच्या कामांवर खडी फोडलेली माणसे अजून थोडी उरली आहेत. त्यांच्या वतीने तेव्हा कुणी काय मागितले, हे त्यांना वाचून दाखवायचे आहे.

कळावे,

आपला,
सांगोला विधानसभा मतदारसंघातील एक मतदार